सहावी ते आठवीचं गणित: आधी वहीतली चूक बघा, मग ॲक्टिव्हिटी ठरवा

दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली की कुणी ना कुणी नवीन लागलेला शिक्षणसेवक नाहीतर बीएडची इंटर्नशिप करणारी मुलगी मला विचारतेच, मॅडम सहावी-सातवीच्या गणितासाठी एखादी भारी ॲक्टिव्हिटी सांगा की. मी कोल्हापूर जिल्ह्यात करवीर तालुक्यातल्या एका शाळेत १७ वर्षं गणित शिकवते आणि माझा उलट प्रश्न ठरलेला असतो, पोरं चुकतात कुठं ते सांगा आधी. बहुतेकांना ते सांगता येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कुणी बघायलाच शिकवलेलं नसतं.

माझं पण सुरुवातीला तेच झालं. पहिल्याच वर्षी मी वर्गात अपूर्णांकांची जत्रा भरवली होती, कागदाचे गोल कापले, रंगवले, स्टॉल लावले, पालक येऊन फोटो काढून गेले आणि पोरं इतकी खूश की दुसऱ्या दिवशी पण तेच करूया म्हणत होती. पुढच्या आठवड्यात चाचणी घेतली, वर्गात ४६ पोरं, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी १/२ + १/३ = २/५ लिहिलं. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. जत्रेत मी या चुकीला हातच लावला नव्हता. मला तेव्हा रडू आलं होतं खरं सांगायचं तर, पण तिथून पुढं मी ॲक्टिव्हिटी चुकीवरून निवडायला लागले आणि खाली जे सांगतेय ते सगळं त्यातनंच आलेलं आहे.

पहिल्या आठवड्यात काय करायचं

सहा प्रश्नांचा एक कागद काढा, मार्क द्यायचे नाहीत हे पोरांना आधीच सांगून टाका. माझे प्रश्न साधारण असे असतात: १/२ + १/३ किती, ०.३५ आणि ०.४ यात मोठं कोण, −७ आणि −३ यात मोठं कोण, ८ + ४ = □ + ५ या चौकटीत काय येईल, ३x + २ अजून सोपं करता येईल का, आणि १००० रुपयांच्या वस्तूवर ५० टक्के सूट आणि त्यावर परत २० टक्के सूट असेल तर किती द्यायचे. वीस मिनिटं पुरतात.

मग घरी नेऊन ते कागद मार्कांप्रमाणं न लावता चुकीप्रमाणं लावा, म्हणजे ज्यांनी चौकटीत १२ लिहिलंय त्यांचा एक गठ्ठा, ज्यांनी १७ लिहिलंय त्यांचा वेगळा, कारण १२ वाल्याला 'बरोबर' चं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' असं वाटतंय आणि १७ वाल्यानं दिसले तेवढे आकडे मिळवलेत, दोघांचा आजार वेगळा आहे. प्रत्येक गठ्ठ्यातल्या एकदोघांना जवळ बोलवून विचारायचं, कसं काढलंस रे? आवाज मऊ ठेवा. आणि बरोबर उत्तरवाल्यांना पण तेच विचारा, नाहीतर पोरांचा समज होतो की मॅडमनी विचारलं म्हणजे चुकलंय, आणि मग ती खोडरबर घेऊनच उठतात.

सामान

महागातलं काही लागत नाही. जुन्या कॅलेंडरचा जाड कागद, सुतळीचा गुंडा, रिकाम्या काड्यापेट्या आणि चिंचोके. चिंचोके भरपूर गोळा करा, आमच्याकडं मार्च-एप्रिलमध्ये घराघरात चिंच फोडतात तेव्हा पोरांना सांगितलं की पिशवीभर आणतात. ते खरखरीत दगडावर एका बाजूनं घासायचे, टरफल निघून आतला पांढरा भाग दिसतो, म्हणजे एक बाजू पांढरी आणि एक तपकिरी झाली. हे घासायचं काम पोरांनाच द्या, त्यांना ते लई आवडतं.

तासाची आखणी

३५ मिनिटांच्या तासात ॲक्टिव्हिटी १५ मिनिटांच्या वर नेऊ नका, हे मी हात जोडून सांगते. पहिली ५ मिनिटं एक प्रश्न फळ्यावर लिहून पोरांकडून अंदाज घ्यायचा, चुकीचा अंदाज पण फळ्यावर तसाच लिहून ठेवायचा, पुसायचा नाही. मग १५ मिनिटं हाताचं काम, चार-चारचे गट, पाच झाले की एकजण नुसता बघत बसतो. मग १० मिनिटं बोलणं आणि फळ्यावर आकड्यात लिहिणं. शेवटच्या ५ मिनिटांत वहीच्या पाव पानावर एकच उदाहरण सोडवून ती चिठ्ठी दारात माझ्या हातात द्यायची आणि बाहेर पडायचं. मधली १० मिनिटं आणि शेवटची चिठ्ठी, नवीन शिक्षक नेमकं हेच गाळतात कारण तोवर घंटा झालेली असते, आणि मग हातानं केलेलं हातातच राहतं, वहीत उतरत नाही.

अपूर्णांक: २४ सेंटीमीटरची पट्टी

कॅलेंडरच्या कागदाच्या २४ सेंटीमीटर लांब आणि ३ सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापून घ्या, प्रत्येक गटाला सहा. २४ च का, तर त्याचे दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा असे सगळे भाग पूर्ण सेंटीमीटरमध्ये पडतात आणि पोरांचं मोजण्यात डोकं अडकत नाही. एक पट्टी अख्खी ठेवायची, दुसरीचे दोन भाग (१२-१२), तिसरीचे तीन (८-८), मग चार, सहा आणि बारा. घडी घालून तीन सारखे भाग करायला पोरांना जड जातं, तिथं पट्टीनं मोजून खुणा करू द्या.

आता फळ्यावर १/२ + १/३ लिहा आणि विचारा किती होईल. २/५ येणारच, येऊ द्या, लिहून ठेवा. मग १२ चा तुकडा आणि ८ चा तुकडा अख्ख्या पट्टीवर शेजारी शेजारी ठेवायला सांगा, २० सेंटीमीटर झाले. आता म्हणायचं, २४ चे पाच भाग केले तर एक भाग ४.८ चा, दोन भाग म्हणजे ९.६. मग नुसता अर्धाच १२ सेंटीमीटरचा होता, त्यात अजून घातलं आणि ते अर्ध्यापेक्षा कमी कसं काय झालं? या प्रश्नानंतर वर्ग शांत होतो आणि ती शांतता मोडू नका, अर्धा मिनिट जाऊ दे. माझ्या वर्गातली एक मुलगी बराच वेळ तुकड्यांकडं बघून म्हणाली होती, "मॅडम, मग ते दोन बटा पाच आलंच नाही पाहिजे की." बास, हे तिच्या तोंडून आलं म्हणजे निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं म्हणजे २० सेंटीमीटर भरायला कुठल्या एकाच मापाचे तुकडे लागतील ते शोधणं. पोरं ४ चे पाच ठेवून बघतात, ४ म्हणजे सहावा भाग, म्हणून ५/६. काहीजण २ चे दहा ठेवतात आणि १०/१२ म्हणतात, ते पण बरोबर, आणि तिथंच सममूल्य अपूर्णांक आपोआप पुढ्यात येतात. लसावि हा शब्द मी याच्या नंतर काढते, आधी नाही. "दोघांना चालणारा तुकडा" म्हणून पोरांनी जो सगळ्यात मोठा शोधला त्याचा छेद, म्हणजे ६, हाच २ आणि ३ चा लसावि असं सांगितलं की तो शब्द त्यांना परका वाटत नाही.

अजून एक, आजी-आजोबांना विचारून यायला सांगा की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे जुने पाढे, येतात का. गावाकडं अजून बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना ते घडघडा म्हणता येतात, आणि आपल्या आजोबांना शाळेतलं गणित येतं हे कळल्यावर पोराच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. सवायकीच्या पहिल्या दहा ओळी लिहून आणल्या की त्यातनं ५/४ × ३ = १५/४ म्हणजे पावणेचार असं पडताळून बघायचं.

दशांश: दूध संस्थेची पावती

०.३५ मोठं म्हणणाऱ्या पोराचं डोकं असं चालतं की ३५ हे ४ पेक्षा मोठं. आमच्याकडं दर दोन-तीन घराआड म्हैस आहे, त्यामुळं गावच्या दूध संस्थेच्या पावत्या घरात पडलेल्या असतात, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम असं सगळं त्यावर असतं. नाव आणि खाते नंबरचा भाग फाडून मग आणायला सांगा, कुणाच्या घरी किती दूध जातं यावरनं वर्गात चर्चा नको. ज्यांच्याकडं नाही त्यांच्यासाठी तुम्ही चार जास्तीच्या ठेवा.

मग प्रत्येकाच्या पावतीवरचा फॅटचा आकडा मोठ्या कागदावर लिहून पोरांनाच कमी ते जास्त असं रांगेत उभं करायचं. पावत्यांवरचे आकडे बहुतेक एकाच दशांश स्थळाचे असतात म्हणून मी मुद्दाम ६.४५ आणि ६.०८ असे दोन कागद मध्ये घुसडते. ६.४५ वाला ६.५ च्या पुढं जाऊन उभा राहतो आणि मग वाद सुरू होतो. वाद होऊ द्या, शेवटी दोन्हीकडं शंभरांश करून लिहायला सांगा, ६.४५ आणि ६.५०. घरचा दर फॅटवर ठरतो त्यामुळं ६.५ जास्त हे पोरांना पैशातनं माहिती असतंच, फक्त ते आणि वहीतलं दशांश एकच आहे हे जोडून द्यायचं काम आपलं. याच पावतीवर गुणाकार पण होतो, समजा ४.५ लिटर आणि दर ५२ रुपये तर २३४, आधी अंदाज घ्या की २०० च्या वर जाईल की २५० च्या, मगच आकडेमोड.

इथं एक खड्डा आहे, नवीन लोकांनी नक्की लक्षात ठेवा. क्रिकेटमधले ४.३ ओव्हर म्हणजे ४ ओव्हर आणि ३ बॉल, ते दशांश नाही, खऱ्या दशांशात ते ४.५ ओव्हर झाले कारण सहातले तीन म्हणजे अर्धं. तसंच ५ फूट १० इंच उंची पोरं ५.१० लिहितात. ही उदाहरणं तुम्ही नाही आणलीत तरी पोरं डोक्यात घेऊनच आलेली असतात, म्हणून ती स्वतःहून काढायची आणि कुठं दहाचे गट आहेत, कुठं सहाचे, कुठं बाराचे हे वेगळं करून दाखवायचं.

ऋण संख्या: पंचगंगेची पातळी

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात सकाळी उठल्यावर पहिला विषय म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आमच्या सातवीच्या पोराला तोंडपाठ असतं. मग ४३ ला शून्य धरा. पाणी ३६ फुटांवर असेल तर −७, ४० वर असेल तर −३, ४५ वर गेलं तर +२. आता विचारा, −७ च्या दिवशी पाणी जास्त की −३ च्या? एक पण पोरगं चुकत नाही. "व्हय की मॅडम, −३ म्हणजे धोक्याच्या जवळ." तेच पोरगं मागच्या आठवड्यात −७ मोठं लिहून बसलेलं असतं.

पावसाळ्यात आठ-दहा दिवस रोजची पातळी वर्गाच्या कोपऱ्यात एका उभ्या पट्टीवर नोंदवा, शेजारी कालच्यापेक्षा किती चढलं-उतरलं ते लिहा, म्हणजे ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी आणि आलेख दोन्ही एकाच कागदावर होतात. पेपरात ४१ फूट ७ इंच असं आलं तर ते ४१.७ लिहायचं नाही हे पण परत आठवण करून द्या, सात भागिले बारा करून साधारण ४१.५८ येतं. एक मात्र जपा. २०१९ आणि २०२१ चे पूर काही घरांनी फार वाईट भोगलेत, २०१९ ला तर पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, आणि वर्गात असं एखादं मूल असतंच ज्याचं घर पाण्यात गेलं होतं. त्याला बोलायचं असलं तर ऐकून घ्या, गणित दोन मिनिटं थांबलं तरी चालतं.

पाण्यानं लहान-मोठं आणि चढ-उतार कळतात, पण −३ − (−५) ला ते पुरत नाही, तिथं चिंचोके काढा. पांढरी बाजू म्हणजे +१, तपकिरी म्हणजे −१, एक पांढरा आणि एक तपकिरी मिळून शून्य. हा नियम दोन-तीन वेळा करून घट्ट बसवा. मग तीन तपकिरी मांडायचे आणि म्हणायचं यातनं पाच तपकिरी काढ. पोरगं म्हणतं तीनच आहेत, काढू कुठनं? मग शून्य मिळवून काही बदलतं का विचारायचं, नाही ना, मग दोन जोड्या शून्याच्या आणून ठेव. आता तपकिरी पाच झाले, ते उचल, खाली काय राहिलं, दोन पांढरे, म्हणजे +२. 'वजा वजा अधिक' हे पाठांतर मी बंद करायला सांगत नाही, पण ते कुठनं आलं हे हातानं एकदा तरी बघितलेलं असावं, नाहीतर पोरं −३ − ५ ला पण "वजा वजा अधिक" म्हणून +८ लिहितात. बघा तुमच्या वर्गात, सापडतीलच.

समीकरण: काड्यापेट्या

चौकटीत १२ लिहिणाऱ्यांसाठी आणि ३x + २ ला ५x म्हणणाऱ्यांसाठी हे एकत्रच होतं. प्रत्येक काड्यापेटीत सारखेच, समजा ४, चिंचोके घालून पेट्या आधीच बंद करून ठेवा, किती घातलेत ते सांगायचं नाही. टेबलावर मधोमध खडूची रेघ, डावीकडं तीन पेट्या आणि दोन सुटे चिंचोके, उजवीकडं एक पेटी आणि दहा सुटे. दोन्हीकडं मिळून सारखेच आहेत, पेटी न उघडता आत किती ते सांगा.

पोरं पहिल्यांदा अंदाजानं आकडे टाकून बघतात आणि ती पद्धत वाईट नाही, करू द्या. मग कुणीतरी म्हणतं की दोन्हीकडची एक-एक पेटी काढून टाकूया, तेव्हा त्या पोराला पुढं बोलवून तसं करायला लावा आणि शेजारी फळ्यावर तुम्ही लिहा: ३x + २ = x + १०, मग २x + २ = १०, मग २x = ८, मग x = ४. हात आणि फळा एकाच वेळी चालले पाहिजेत. 'पलीकडं गेलं की चिन्ह बदलतं' हे वाक्य निदान पहिले पंधरा दिवस तोंडातनं काढू नका. आणि कुणी ३x + २ ला ५x म्हटलं तर एवढंच विचारा, तीन पेट्या आणि दोन सुटे चिंचोके म्हणजे पाच पेट्या झाल्या का?

क्षेत्रफळ आणि परिमिती: मैदानावर गुंठा

३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. घरात रोज गुंठ्याचं बोलणं ऐकणाऱ्या पोरांना गुंठा दिसतो केवढा हे माहिती नसतं, म्हणून सुतळीनं मैदानावर एकदा आखाच. १३२ फूट सुतळीची दोन्ही टोकं बांधायची, चार पोरं चार कोपऱ्यांवर. आधी ३३ × ३३. मग तीच सुतळी न तोडता ४० × २६ करायला सांगा, मग ६० × ६. क्षेत्रफळ १०८९, मग १०४०, मग ३६०. सुतळी तेवढीच आणि जमीन कुठं गेली? हा प्रश्न शेतकऱ्याच्या पोराला बरोबर लागतो. प्रत्येक आकारात वर्गातली सगळी पोरं आत उभी करून बघा, शेवटच्यात दाटी होते ती अंगाला कळते. मैदान लहान असेल तर २० मीटर सुतळी घ्या, ५ × ५, ८ × २, ९ × १.

गुणोत्तर आणि टक्केवारी, थोडक्यात

गुणोत्तरातली मोठी चूक म्हणजे पोरं फरक सारखा ठेवतात. १ ग्लास पाण्याला ३ चमचे साखर, तर ३ ग्लासला किती? बरेचजण ५ म्हणतात कारण दोन ग्लास वाढले म्हणून दोन चमचे वाढवले. सरळ सरबत करा, एका भांड्यात १ ला ३, दुसऱ्यात ३ ला ५, आणि चाखायला द्या. जीभ सांगते. हेडमास्तरांना आधी विचारा, पाणी उकळून गार केलेलं घ्या. त्यानंतर उन्हाळ्यात घरी चटणी करतात त्याचं माप आईकडून लिहून आणायला सांगा, एवढ्या किलो मिरचीला एवढं खोबरं, एवढा लसूण, आणि ते दीडपट, अडीचपट करून बघायचं.

टक्केवारीला शंभर चौकटींचा कागद पुरतो. १००० वर ५० टक्के आणि २० टक्के सूट म्हणजे ७० टक्के असं वाटणाऱ्यांना आधी ५० चौकटी रंगवायला सांगा, उरलेल्या ५० मधल्या २० टक्के म्हणजे १०, राहिल्या ४०, म्हणजे ४०० रुपये द्यायचे, ३०० नाही. दिवाळीत कोल्हापुरात महाद्वार रोडला गेलात की दुकानावरच्या पाट्या वाचून या, हा गृहपाठ मी दरवर्षी देते.

तास दहा मिनिटं उरला तर

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर सरांचा ६१७४ काढा. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमानं लावून मोठी संख्या आणि चढत्या क्रमानं लावून लहान, वजाबाकी करायची, आलेल्या उत्तरावर परत तेच (उत्तर तीन अंकी आलं तर पुढं ० लावून चार अंकी धरायचं). ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४, आणि पुढं कितीही करा ६१७४ च. जास्तीत जास्त सात वेळात तिथं पोचतंच, नाही पोचलं तर वजाबाकीत हातचा चुकलाय आणि पोरगं स्वतःच तो शोधत बसतं. एका शाळामास्तरानं हे शोधलंय हे पोरांना आवर्जून सांगा.

आणि चिंचोके वर्ग संपला की मोजून परत घ्या, उन्हात एक दिवस वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, पावसाळ्यात लगेच किडे लागतात. माझी आत्ताची बरणी तिसरं वर्ष चाललीय.